शुगरच्या मशीनमधला सेल

“दाब की जरा जोरात,” झुंबरआबा म्हणाले.

लखननं किल्लीचं बटण पुन्हा दाबलं. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबलं. गाडी गप्प उभी होती. दिवा लुकलुकला नाही, मिटलेले आरसे उघडले नाहीत. दाराच्या मुठीवरचं काळं बटणही दाबून झालं होतं. फाटकाशी निरोप द्यायला आलेली मंडळी हात जोडून उभी होती आणि आता ते हात खाली घ्यावेत की कसं, हे कुणालाच कळत नव्हतं.

सोमेश्वरनगरच्या त्या गल्लीत रविवारची दुपार होती. समोरच्या ओट्यावर दोन बायका शेंगा निवडायच्या थांबल्या. पोरं सायकली आडव्या टाकून गाडीभोवती जमली. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांची गाडीच उघडत नाही म्हटल्यावर ती गंमत कोण सोडणार?

“दुसरी किल्ली न्हाय व्हय?” कुशाबाईंनी विचारलं. त्या मुलीच्या मावशी. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं.

“हाय की. घरी हाय, निरवांगीला,” लखन म्हणाला.

“आता गं बया!”

निरवांगी तिथून दीड-दोन तासांवर, पार इंदापूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला.

जरा वेळापूर्वी याच कुशाबाई उंबऱ्यात उभ्या राहून “कळवतो आमी” असं म्हणाल्या होत्या. लखनला त्या शब्दाचा अर्थ पाठ होता. होकार द्यायचा असला की माणसं कळवतो म्हणत नाहीत. ती विचारतात, बहीण कधी येईल, घर बघायला कधी यायचं. कळवतो म्हटलं, की फाटकापर्यंत नीट चालत जायचं, वळून नमस्कार करायचा आणि गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत तोंड हसरं ठेवायचं. एवढं त्याला आता जमत होतं. नकार घेतल्यावर त्याच फाटकात ताटकळत उभं राहायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

लखन चाळिशीला टेकला होता. निरवांगीत पेरूची बाग होती, नदीचं पाणी होतं, घर स्लॅबचं होतं, सुपारीचंही व्यसन नव्हतं. तरी तरुणपण मुली बघण्यात गेलं. आधी मुलींना नोकरीवाला हवा होता, मग पुण्यात फ्लॅट हवा होता, आणि मग लोक म्हणायला लागले की मुलाचं वय झालं. आई, छबूबाई, म्हणायची, “दारात चारचाकी दिसली की फरक पडतो रं.” तिच्याच हट्टानं ही गाडी घेतली. जुनी, पण पांढरी आणि बटणावर चालू होणारी.

फरक पडला, पण गावाला. कुणाचंही लग्न ठरलं की घरचे लखनकडं यायचे. “नवरदेवाला गाडी तुमचीच पायजे.” फुलांच्या माळा लावून त्यानं गावातली कितीतरी पोरं मांडवापर्यंत नेली, कितीतरी सुना घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीचे डाग पेट्रोलच्या बोळ्यानं पुसत बसायचा. आई मात्र त्या गाडीत एकदाच बसली, बारामतीच्या दवाखान्यात जाताना. येताना ती गाडीत नव्हती. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून मुलगी बघायला जाताना शेजारचे झुंबरआबाच वडीलधारे म्हणून सोबत यायचे.

“काच फोडायची का?” आबांनी विचारलं.

“आबा, काय बोलताय? सेल गेला आसंल. महिनाभर झाला, स्टेअरिंगपुढं पिवळ्या किल्लीचं चित्र दिसायचं. मला वाटलं सर्व्हिसिंगचं हाय.”

“चौकातलं घड्याळाचं दुकान रविवारी बंद असतंय,” कुशाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा चिडकाच झाला होता. पाहुण्यांनी वेळेवर जायला हवं होतं.

तेवढ्यात घरातून सुप्रिया बाहेर आली. मघाशी ती आकाशी साडीत, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, मान खाली घालून बसली होती. आता अंगात सुती ड्रेस, केस वर बांधलेले, पायात सपाता. पाहुणे गेले असं समजून तिनं साडी सोडली होती. लखननं नजर वळवली. आपण बघायचं नव्हतं ते बघितलं असं त्याला वाटलं. आणि ती मघापेक्षा आता बरी दिसत होती, हेही त्याच्या मनात आलं.

“काय झालं?”

“किल्लीच चालंना,” आबा म्हणाले.

“दाखवा बघू.” तिनं किल्ली हातात घेऊन उलटीपालटी केली. “यात गोल, चपटा सेल असतो. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या किल्लीचा मी बदलला होता. आत या, उन्हात कशाला उभे राहताय?”

“अगं, पाव्हण्यांना परत आत…” कुशाबाईंनी डोळे मोठे केले.

“मावशी, गाडी उघडल्याशिवाय पाव्हणे जाणार कसे?”

समोरच्या ओट्यावरच्या बायका हसल्या. कुशाबाई घरी काम पडलंय म्हणून तडक निघून गेल्या. आबा पुढच्या खोलीत सुप्रियाच्या वडिलांपाशी बसले. वडील म्हणजे दादासाहेब, कारखान्यातून निवृत्त झालेले, शुगरमुळं डोळ्यांना फार कमी दिसायचं. दोघांच्या गप्पांची गाडी उसाच्या गाळपावर सुरू झाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सुप्रिया बसली. समोर लखन. सिंकमध्ये मघाच्या पोह्यांच्या बशा तशाच पडल्या होत्या.

तिनं किल्लीच्या कडेची बारीकशी खिटी नखानं ओढली. सर्रकन आतून एक लोखंडी किल्ली बाहेर आली.

“ही वं कसली?”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“इतकी वर्षं खिशात घेऊन फिरतोय. आत किल्ली हाय, कुणी सांगितलंच न्हाय.”

बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं. दाराच्या मुठीखाली एक बारकं भोक होतं. धुताना नेहमी त्यात पाणी जायचं. ही किल्ली तिथलीच. हिनं दार आत्ता उघडेल. त्यानं वर पाहिलं. सुप्रियाही त्या किल्लीकडंच बघत होती. तिनं ती टेबलावर बाजूला ठेवली.

“नाणं आहे का एखादं?” तिनं विचारलं.

नुसतं दार उघडून काय, गाडी चालू कशी होणार, असं लखननं स्वतःला सांगितलं आणि खिशातून नाणं काढून दिलं.

नाण्याची कड फटीत घालून तिनं हळूच पीळ दिला. टक् आवाज होऊन किल्लीचे दोन शिंपले वेगळे झाले. आत सेल होता. मोबाइलच्या उजेडात तिनं त्यावरचा आकडा वाचला. “दोन हजार बत्तीस.” मग ड्रॉवर उघडून बघितला. टीव्हीच्या रिमोटचे सेल निघाले, भिंतीवरच्या घड्याळाचा निघाला. चपटा एकही नव्हता.

“आगं, माझ्या शुगरच्या मशीनमधला काढ की,” बाहेरच्या खोलीतून दादासाहेब ओरडले. “तसलाच हाय.”

“आणि रात्री काय बघणार?”

“एक दिस न्हाय बघितली तर मरत न्हाय मी.”

“नगं नगं,” लखन गडबडीनं म्हणाला. “मी बघतो काय तरी.”

“काय बघणार?” तिनं फडताळातून मशीन काढली. आधी बाहेर जाऊन वडिलांच्या बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला, आकडा बघितला. “ठीक आहे, तात्या. पण रात्री भात-आमटी नीट जेवायचं. उपाशी झोपायचं नाही.” आत येऊन ती लखनला म्हणाली, “मागं एकदा पहाटे शुगर उतरली होती. मी ड्यूटीवर. घामानं अंथरूण ओलं झालं, तेव्हा यांना कळलं. तेव्हापासून रोज झोपायच्या आधी फोनवर मला आकडा सांगतात. शेजारचे वाचून देतात.”

“मग आज?”

“आज नाही सांगणार. एक दिवसाचं काय एवढं?” ती मशीनचं झाकण उघडत म्हणाली, पण तिचा हात जरा थांबला, ते लखनला दिसलं.

“मी बारामतीतनं नवा सेल घिऊन पाठवतो.”

“कुणाबरोबर पाठवणार? राहू द्या. उद्या मीच आणेन.”

तिनं सेल रुमालात धरून काढला. बोट लागू द्यायचं नाही म्हणाली. नखं अगदी कापलेली, नर्सची. लखनची बोटं पेरूला फोमची जाळी चढवून चढवून राठ झालेली. त्यानं ती टेबलाखाली घेतली.

“घरी कोण असतं?” तिनं विचारलं.

मघाशी हे कुणी विचारलं नव्हतं. मघाशी एकर विचारले होते, विहीर विचारली होती, गाडीवर कर्ज आहे का विचारलं होतं.

“कोन न्हाय. आई व्हती.”

“मग जेवण?”

“करतो की. भात, पिठलं. भाकरी जमत न्हाय. थापली की तुटती.”

“मला जमते. पण ड्यूटीवरनं आलं की करू वाटत नाही. चहात खारी बुडवून खायची आणि झोपायचं.”

“सीझनला माझी मजा असती,” लखन म्हणाला. आपण इतकं बोलतोय याचं त्याला नवल वाटत होतं. “रोज लग्नाचं जेवान. नवरदेवाचा डायवर म्हणून पयल्या पंगतीला बशिवत्यात.”

ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “वाईट नाही वाटत?”

हेही त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“नवरीला आणताना न्हाय वाटत. ती रडत असती, तिच्याकडं ध्यान असतं. समदी उतरून गेली, गाडी मोकळी झाली, की मग वाटतं. मागच्या शिटावर अक्षता पडलेल्या असत्यात. त्या येचताना.”

सुप्रियानं सेल खाचेत ठेवला. अधिकचं चिन्ह कुठल्या बाजूला, हे दोघं वाकून बघत राहिले. आधी उलटा बसला होता, लखननं दाखवल्यावर तिनं फिरवला.

“एक सांगू?” ती हळू आवाजात म्हणाली. “मी हो म्हणणार नव्हते. मावशीनं ठरवलं म्हणून साडी नेसले.”

“कळलं मला. कळवतो म्हनल्या न्हवं.”

“तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. खरंच नाही.” तिनं बाहेरच्या खोलीकडं एकदा बघितलं. “माझं आधीचं सासर मोठं होतं. मीठ किती घालायचं, दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं, खिडकी उघडायची का लावायची, सगळं विचारून. चार वर्षं राहिले, चार वर्षं नवीनच होते. आता मला परत कुणाच्या घरात नवी व्हायचं नाही.”

तिनं दोन्ही शिंपले एकमेकांवर धरून दाबले. टक्.

“बराबर हाय तुमचं,” लखन म्हणाला.

“दाबा आता.”

त्यानं बटण दाबलं. बाहेर गाडी बोलली आणि गल्लीतली पोरं ओरडली. सुप्रियानं लोखंडी किल्ली आत सरकवून दिली. आता थांबायला काहीच कारण उरलं नव्हतं.

*

“नर्स हाय, पगार हाय, तिला कशाला पायजे नवरा?” वाटेत आबा म्हणाले. “आपुन दुसरीकडं बघू.” मग त्यांना डुलकी लागली. बारामतीत त्यांची लेक राहायची. तिच्या दारात ते उतरले, मी उद्या येष्टीनं येतो म्हणाले.

गाडीत लखन एकटाच राहिला. भिगवण चौकात समोरची वाहनं सुटली, तरी तो तसाच थांबला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

उत्तर त्याला तिथं सुचलं. तिनं म्हटलं होतं, परत कुणाच्या घरात नवी व्हायचं नाही. तेव्हा म्हणायला हवं होतं, माझ्या घरात जुनं कुणीच न्हाय. मीठ कुठं ठेवायचं ते सांगणारंच कुणी न्हाय. तुमी ठेवाल तितं ते राहील. किती सरळ होतं. टेबलाशी बसलो होतो तेव्हा का नाही सुचलं? त्यानं ते मोठ्यानं म्हणून बघितलं. बंद गाडीत स्वतःचा आवाज ऐकून तो ओशाळला, पण वाक्य चांगलं होतं. खोटं तर त्यात काहीच नव्हतं.

बाजारपेठेत खाजाभाईंचं घड्याळाचं दुकान उघडं होतं. आईचं मनगटी घड्याळ तो त्यांच्याकडंच आणायचा.

“दोन हजार बत्तीस हाय का?”

“हाय की. किल्लीत टाकायचाय? द्या, बसवून देतो.”

“किल्लीतला बसलाय. दुसऱ्याचा परत द्यायचाय.”

“मग पाकीट फोडू नका. बोट लागलं की ताकद उतरती त्याची.”

घराकडं जायला इंदापूरच्या रस्त्याला वळायचं होतं. लखननं गाडी उलटी फिरवली आणि परत सोमेश्वरनगरकडं, निरेच्या रस्त्याला घातली.

गाळपाचे दिवस होते. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं निघाल्या होत्या आणि एकेक ओलांडत तो पुढं जात होता. मळीचा वास काचा लावूनही आत येत होता. वाटभर तो ते वाक्य घोळवत राहिला. ‘तुमी’ म्हणावं की नाव घ्यावं? उभ्या उभ्या म्हणावं की बसून? फाटकात म्हणालो आणि शेजारच्यांनी ऐकलं तर? आधी सेल द्यावा, पाणी मागावं, मग म्हणावं. नाही म्हणाली तर नाही. पण ऐकून तरी घेईल.

तो पोचला तेव्हा दिवस मावळून गेला होता. अंगणात दुपारी होती ती तिची स्कूटी नव्हती.

दादासाहेबांनी दार उघडलं. घरात दिवा लावलेला नव्हता, नुसता टीव्ही चालू होता.

“कोण हाय?”

“मी लखन, तात्या. दुपारी आल्तो.”

“पाव्हणं! काय इसरलं का?”

“पाव्हणं न्हवं. सेल द्यायला आलोय.”

म्हातारा दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, “या, या. आत या. ती गेली ड्यूटीला. आत्ताच गेली. तुमची गाठ पडली आसती वाटंत.”

लखननं दिवा लावला. टेबलावर मशीन उघडीच पडली होती. त्यानं पाकीट फोडलं, रुमालानं सेल धरला, चिन्ह बघून बसवला. काच उजळली. दादासाहेबांनी सवयीनं बोट पुढं केलं. लखन सुई उलटीपालटी करून बघायला लागला, तर म्हातारा हसला. “टोचा टोचा. जनावराला इंजेक्शन देत न्हाय का तुमी?”

“एकशे बावन्न.”

“झाक हाय. आता जेवतो.” दादासाहेबांनी चाचपडत दोन ताटं काढली. “तुमी बी बसा. भाकरी हायत्या. जाताना करून गेली आज, काय वाटलं कुणास ठाऊक.”

लखन बसला. ताज्या भाकरीचा पापुद्रा सुटलेला होता. दोघं जेवू लागले. थोड्या वेळानं म्हातारा आपणहून म्हणाला, “मी म्हनलो हुतो तिला. माझ्यापायी अडकू नगं. तर म्हनली, मी अडकलेली न्हाय तात्या, मी हितं राहतीय.”

लखननं हातातली भाकरी ताटात ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. दादासाहेब कानाला लावून मोठ्यानं बोलू लागले. “व्हय, बघितली की. आगं, ते दुपारचं पाव्हणं आल्यात सेल घिऊन. व्हय, हितंच हायती. जेवत्यात. धर.” त्यांनी फोन लखनकडं केला.

“हॅलो,” सुप्रिया म्हणाली. “एवढ्यासाठी बारामतीहून परत आलात?”

सगळं वाक्य त्याच्या ओठांवर होतं. तिच्या मागं कसलं तरी यंत्र बारीक आवाजात वाजत होतं. कुणीतरी हाक मारली, “सिस्टर! सहा नंबरची सलाइन.” “आले,” ती तिकडं तोंड करून म्हणाली, “तोवर चालू ठेव, बंद करू नको.” तो आवाज दुपारच्या तिच्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. कुणाला काही विचारून बोलणाऱ्या बाईचा तो आवाज नव्हता.

“हॅलो? आहात का?”

“हाय,” लखन म्हणाला. “एकशे बावन्न हाय. दीड भाकरी खाल्ली त्यांनी. सेल नवा हाय, वरीसभर बघाय नको.”

पलीकडं पुन्हा कुणीतरी “सिस्टर!” म्हणून हाक मारली.

“सावकाश जा,” ती म्हणाली. “रस्त्याला ट्रॉल्या असतात.”

“व्हय.”

त्यानं फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला. दोन्ही ताटं धुऊन पालथी घातली. दादासाहेब दारापर्यंत आले. तो गाडीत बसला तेव्हा ते गल्लीच्या भलत्याच टोकाकडं तोंड करून हात हलवत होते. त्यांनी दार लावून आतून कडी घालेपर्यंत लखन थांबला.

गावाबाहेर पडल्यावर पुढं एक ट्रॅक्टर लागला. ऊस रिकामा करून परत निघालेला, मागं दोन मोकळ्या ट्रॉल्या खडखडत होत्या. मागच्या ट्रॉलीत ऊसतोडीची एक बाई पोराला मांडीवर घेऊन, डोक्यावरून शाल ओढून बसली होती. गाडीचा उजेड तोंडावर पडला तशी तिनं पोराचे डोळे झाकले. लखननं दिवे खाली केले.

समोरचा रस्ता मोकळा होता. ट्रॅक्टरवाल्यानं हात बाहेर काढून, जा पुढं, अशी खूण केली. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा केली. लखन सावकाश, त्याच वेगानं मागं चालत राहिला, बारामतीचे दिवे दिसेपर्यंत.